दफेदारांच्या पदकाची कड

"मॅडम, कडेवर काहीच नाही. एकदम प्लेन," नचिकेत म्हणाला आणि पदक माझ्या पुढ्यात सरकवलं.

मी हातमोजे ओढून घेतले आणि ते खिडकीपाशी नेलं. ब्रॉन्झचं शौर्यपदक. वरचं चित्र झिजून गुळगुळीत झालेलं. कड तर अशी साफ, की भिंग पूर्ण फिरवून आणलं तरी एक अक्षर सापडेना. फितीवर पिवळे डाग होते. मी पदक परत ट्रेमध्ये ठेवलं. नचिकेत बरोबर होता, आणि मला ते अजिबात आवडलं नव्हतं.

आधी मी कोण ते सांगते. मी धातुसंवर्धक आहे. जे. पी. नगरच्या घरात तळमजल्यावर माझं वर्कशॉप आहे. जुन्या तलवारी, नाणी, मूर्ती, पदकं यांची आणखी हानी होऊ नये म्हणून जे करावं लागतं ते मी करते. हे सांगितलं की लोक घरातून पितळेची समई घेऊन येतात आणि चकचकीत करून मागतात. मी वस्तू चकचकीत करत नाही. चकचकीत केलेल्या वस्तूंची दुखणी निस्तरते. कोल्हापूरहून नोकरीसाठी बंगळुरात आले तेव्हा वाटलं होतं दोनचार वर्षांत परत जाईन. आता कोल्हापुरात 'थोडं'ऐवजी माझ्या तोंडून निघणारं कन्नड 'स्वल्प' ऐकून भाच्या हसतात.

तर, इथल्या पोलिसांच्या एका जुन्या इमारतीत पदकांचं आणि बिल्ल्यांचं छोटं दालन उभं राहत होतं. समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष राजशेखर सर, निवृत्त अधिकारी, कन्नड माणूस, आवाज अजूनही परेड ग्राउंडवरचा. दुसरा नचिकेत, मूळचा पुण्याचा, महादेवपुऱ्यात कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. लष्करी आणि पोलिसी पदकं जमवणं हे त्याचं वेड. खरं-खोटं पारखायला त्याच्याइतका डोळा मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. तिसरी मी. आमची बोलणी कन्नड आणि इंग्रजीच्या खिचडीत चालायची, इथे मराठीत लिहिते.

पदकाच्या कडेचं एवढं महत्त्व का, तेही सांगायला हवं. पदकाची पुढची-मागची बाजू सगळ्यांची सारखीच असते, साच्यातून निघालेली. ते कुणाचं आहे हे फक्त कडेवर असतं. नाव, हुद्दा, दल. जेमतेम तीनचार मिलिमीटर जाडीच्या त्या पट्टीवर बारीक अक्षरांत कोरलेलं. संग्राहकानं पदक हातात घेतलं की तो आधी कड बघतो, चेहरा नंतर. चोरीचं पदक विकायचं असेल तर चोर कानस घेऊन नाव उडवतो. कधी त्या जागी दुसरं, जास्त नावाजलेलं नाव कोरतो. याला आमच्याकडे रिनेम्ड म्हणतात, आणि हा शब्द कुणाच्या पदकाला चिकटला की ते पदक संपलं. नाव उडवलेल्या पदकाची पत त्याहून बरी नसते.

"दालनाचा नियम आपणच केलाय," राजशेखर सर म्हणाले. "कडेवर नाव नसेल तर कार्डावर नाव नाही."

"पण गॅझेटमध्ये दफेदार एस. नरसोजीराव निंबाळकरांना शौर्यपदक मिळाल्याची नोंद आहे," मी म्हणाले.

"ती मला मान्य आहे. त्यांना पदक मिळालं. पण तेच हे पदक कशावरून? उद्या कुणी बाजारातून एक गुळगुळीत चकती आणून देईल आणि आजोबांची म्हणेल."

नचिकेतनं मध्यम मार्ग काढला. पदक ठेवून घेऊ, खाली लिहू, प्राप्तकर्ता अज्ञात. सरांनी मान डोलावली. बाहेर बाकावर पदक देणाऱ्या बाई बसल्या होत्या. दफेदारांची मुलगी. त्या मराठी, मी मराठी, म्हणून त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. असली कामं भाषेच्या नावावर माझ्याच गळ्यात पडतात.

पद्माक्का ऐंशीच्या घरातल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, त्यामुळे बोलणं नेमकं आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून घेऊन. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, राहायला कॉटनपेटेत. मांडीवर स्टीलचा रिकामा डबा घेऊन त्या बसल्या होत्या. पदक त्याच डब्यातून आणलं होतं.

मी जमेल तेवढं सौम्य करून सांगितलं. त्यांनी ऐकलं.

"अज्ञात म्हणजे?"

"म्हणजे हे कुणाचं ते माहीत नाही."

"मला माहीत हाय की," त्या म्हणाल्या.

मी नियम समजावू लागले. कडेवर नाव असतं, ते खोडलेलं असलं की लोकांना संशय येतो, वगैरे. 'खोडलेलं' हा शब्द ऐकून त्या पहिल्यांदा चिडल्या.

"खोडलं नाही. घासलं. मी घासलं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दफेदारांनी एका टॉकीजच्या रांगेत कोयता घेऊन घुसलेल्या माणसाला अडवलं होतं. कोयत्याचं पातं उजव्या हातानं धरलं आणि सोडलं नाही. रांगेतली माणसं वाचली, पदक मिळालं, पण त्या हाताची बोटं पुन्हा कधी नीट मिटली नाहीत. घरात दर आयुधपूजेला, म्हणजे आपल्याकडच्या खंडेनवमीला, वडिलांची, अप्पांची काठी, पट्ट्याचं बक्कल, शिट्टी आणि पदक पाटावर मांडायचे. त्याआधी सगळं घासून लख्ख करायचं. अप्पांच्या हातात पदक टिकत नव्हतं, म्हणून ते काम छोट्या पद्माकडे आलं. चिंच आणि विटकरीची पूड. अप्पा समोर बसून सांगायचे.

"अप्पा म्हणायचे, मधलं चित्र सरकारचं हाय, स्वल्प घासलं तरी चालतंय. नाव कडेला हाय. कड नीट घास."

"मग तुम्ही कड घासली."

"दर वर्षी. अप्पा गेले तरी सोडलं नाही. पुढं अक्षरं पुसट दिसायला लागली. मला वाटलं मळ बसलाय. म्हणून आणखी जोरानं घासलं, वर यावीत म्हणून." त्यांनी मांडीवरचा डबा पुढे केला. "माझ्यामागं घरात हे करायला कुणी नाही. तुमच्याकडं नीट राहील म्हणून आणलं. नाव लावणार नसाल तर डब्यात घालून द्या, मी घरी नेते. पण अज्ञात लिहायचं नाही."

तीस वर्षांहून जास्त काळ मी लोकांना सांगत आले की धातूला चिंच लावू नका. आंबट पदार्थ धातूचा वरचा थर खातो आणि विटकरीची पूड उरलेलं खरवडून नेते. त्या दिवशी ते भाषण माझ्या तोंडून निघालं नाही. मी आत गेले आणि पुढच्या बैठकीपर्यंत पदक माझ्याकडे द्या म्हणाले. राजशेखर सरांनी विचारलं, करणार काय? बघणार, मी म्हटलं. आमच्या कामातला निम्माअधिक वेळ नुसतं बघण्यातच जातो, पण बिलात तसं लिहिता येत नाही.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला. त्यांना एक कल्पना सुचली होती. चोरीच्या गाडीचा चासी नंबर चोर घासून काढतात, आणि पोलिसांची लॅब त्यावर ॲसिड लावून तो नंबर परत उठवते. मग पदकावर तेच का करू नये? लॅबमध्ये त्यांचे जुने ओळखीचे लोक होते.

कल्पना चुकीची नव्हती, आणि माणूस मनापासून प्रयत्न करत होता हे मला बरं वाटलं. पण चासीचा नंबर ठोकून उमटवलेला असतो. घणाच्या दणक्यानं खालचा धातूही दबतो. वरचं अक्षर घासलं तरी तो दाब आत राहतो, आणि ॲसिड लावलं की दबलेला धातू वेगळा दिसतो. आमचं पदक ठोकलेलं नव्हतं, कोरलेलं होतं. कारागिरानं टोकदार हत्यारानं केसाएवढी रेघ ओढून धातू काढून टाकलेला. रेघ जिथे संपते तिथे गोष्ट जवळजवळ संपते.

"म्हणजे ॲसिड लावून काही मिळणार नाही?"

"बहुतेक नाही. आणि जे थोडंफार उरलंय तेही जाईल. पद्माक्कांनी चिंच लावली ते पुरे आहे, आपण आणखी ॲसिड नको लावायला."

ते हसले. म्हणाले, बघा मग.

मी बघत राहिले. कडेवर तिरपा उजेड पाडून फोटो काढले. चित्र, फीत, मागची बाजू, सगळं तपासलं. फितीतून एक गोष्ट कळली. शौर्याच्या फितीत एक बारीक रुपेरी रेघ जास्तीची असते, ती हळदीच्या डागांखाली शाबूत होती. पण फीत कुणीही बदलू शकतो, त्यामुळे तो पुरावा नाही. मग पदकाच्या माथ्याकडे वळले. तिथे फितीची आडवी पट्टी आणि चकती यांना जोडणारी धातूची चिमुकली पकड असते. आम्ही तिला क्लॉ म्हणतो. क्लॉच्या दोन्ही बाजूंना, जिथे बोट किंवा फडकं पोचत नाही अशा खाचेत, काळपट लाल मळ घट्ट बसला होता.

कुणीही नवखा माणूस असता तर त्यानं आधी तो मळ साफ केला असता. मळ काढायचा नाही असं नाही, पण तो काय आहे हे कळल्याशिवाय काढायचा नाही. मी सुईच्या टोकावर एक कण घेतला, रेझिनमध्ये बसवला, आडवा कापला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चिरलेल्या अळूवडीसारखे थर दिसले. लाल, पिवळा, लाल, पिवळा. वरचे ताजे, खालचे तेल पिऊन काळवंडलेले. कुंकू आणि हळद. दर वर्षीची पूजा एकेक पापुद्रा ठेवून गेली होती.

खुर्चीत मागे रेलून मी बराच वेळ त्या थरांकडे पाहिलं. आणि मग एक साधी गोष्ट डोक्यात आली. फडकं जिथे पोचलं नाही तिथे चिंचही पोचली नसणार. त्या खाचेत घासणं कधी झालंच नाही, फक्त कुंकू लागत गेलं. नाव आखूड असतं तर ते कडेच्या खालच्या भागात मावलं असतं आणि सगळंच गेलं असतं. पण एस. नरसोजीराव निंबाळकर, दफेदार, आणि पुढे दलाचं नाव, एवढं लांबलचक प्रकरण इंग्रजी अक्षरांत त्या कडेवर बसवायचं म्हणजे कारागिराला क्लॉच्या एका बाजूपासून सुरुवात करून दुसऱ्या बाजूपर्यंत जावं लागलं असणार. त्या मळाखाली काहीतरी असायला हवं होतं.

तरीही मी हात लावला नाही. ते कुंकू माझ्या मालकीचं नव्हतं. पद्माक्कांना फोन केला.

"तुमचं कुंकू काढावं लागेल, थोडं थोडं. चालेल का?"

"काढ. पण टाकायचं नाही. आणि मी येऊन बसणार."

"सरी, या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्या ऑटोनं आल्या. मी त्यांना पडद्यासमोर बसवलं, सूक्ष्मदर्शकाखालचं सगळं तिथे मोठं दिसतं. टोक काढलेली बांबूची काडी, एक थेंब पाणी, एक थेंब स्पिरिट. धातूची सुई वापरायची नाही, तिचा ओरखडा उठतो. एकेक पापुद्रा भिजवायचा, सैल होईपर्यंत थांबायचं, उचलायचा आणि काचेच्या कुपीत ठेवायचा. पद्माक्का बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, हे पिवळं जास्त जाड हाय ते मी रिटायर झाले त्या वर्षीचं असणार, हळद सढळ लावली होती. खरं-खोटं देव जाणे. मी त्यांना तसं म्हटलं नाही.

खालचा शेवटचा काळा थर सुटला आणि पडद्यावर एक वळण दिसलं. मग दुसरं. एस. त्यापुढे टिंब. त्यापुढे एन, अगदी स्पष्ट, कोरल्या दिवशी असेल तसा. त्याच्या पुढे ए चा एक पाय, आणि मग घासलेली गुळगुळीत कड. रेघांच्या तळाशी कुंकू भरलेलं होतं, त्यामुळे अक्षरं लाल दिसत होती. क्लॉच्या दुसऱ्या बाजूला पोलीस या इंग्रजी शब्दाची शेवटची तीन अक्षरं निघाली, जागा संपत आली म्हणून दाटीवाटीनं, बारीक करून कोंबलेली.

पद्माक्का उठून पडद्याजवळ गेल्या आणि त्या एस वर बोट टेकवलं.

"सुभानराव," त्या म्हणाल्या. "आजोबांचं नाव. इकडं बापाचं नाव आधी लावतात. अप्पा सही करताना हा एस असाच लांब ओढायचे."

तो एस कारागिराचा होता, अप्पांचा नव्हता. पण चुका काढायचा तो क्षण नव्हता. मी चहा टाकला.

आता नचिकेत. मी त्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, तेही सभ्य आणि रोखठोक. मॅडम, अक्षरं छान आहेत, पण एस. एन. कुणीही असू शकतो. आणि कोरलेलं कधीचं आहे हे कसं ठरवणार?

तो पुन्हा बरोबर होता. चांगल्या पारखी माणसाचा असा त्रास असतो, पण तो असावा लागतो. मी त्याला विचारलं, गॅझेटच्या याच यादीतलं, याच वेळचं दुसरं पदक तुझ्याकडे आहे का? पदकांवर नावं कोरणारे कारागीर मोजके असतात, आणि एका खेपेची पदकं बहुतेक एकाच हाताखालून जातात. जसं माणसाचं अक्षर ओळखू येतं, तसा कोरणाऱ्याचा हात ओळखू येतो. नचिकेत एकदम जागा झाला. त्याच्याकडे एक होतं. शनिवारी सकाळी बेळ्ळंदूरच्या घरून गाडी काढून तो आला, पदक मखमली खोक्यात, खोकं प्लास्टिकच्या पेटीत, पेटी मांडीवर. रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ गेला ते त्यानं आल्या आल्या सांगितलं. बेळ्ळंदूरचे लोक नमस्काराआधी ते सांगतात.

दोन्ही पदकं मी शेजारी ठेवली. नचिकेतच्या पदकाची कड तासलेल्या नव्या पेन्सिलीसारखी धारदार, अक्षरं सगळी जागच्या जागी. पाहायला लागलो. कारागिराचा एन उजवीकडे किंचित झुकतो आणि त्याचा शेवटचा पाय ओळीच्या खाली उतरतो. दोन्हींत तसाच. एस च्या पोटात त्याचं हत्यार एकदा अडखळून पुढे गेलेलं. दोन्हींत त्याच जागी. शेवटची तीन अक्षरं दोन्हींत तितकीच बारीक, एकाच सवयीनं कोंबलेली.

मग मी त्याला कुंकवाचा कापलेला कण दाखवला. थर दाखवले. सगळ्यात खालचा थर अक्षराच्या रेघेत उतरलेला होता आणि त्यावर सगळी वर्षं चढलेली होती. आज कुणी नाव कोरून त्यावर कुंकू फासलं असतं तर एकच थर मिळाला असता. एवढी वर्षं कुणाला खोटी करता येत नाहीत.

नचिकेतनं भिंग खाली ठेवलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत पद्माक्का बसल्या होत्या. मी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

"काकू, कड तुम्ही घासलीत?" त्यानं विचारलं.

"हो. चूक झाली?"

"माझ्या लाइनमध्ये मोठी चूक आहे." तो जरा घुटमळला. "माझ्याकडची सगळी पदकं फर्स्ट क्लास कंडिशनमध्ये आहेत. म्हणजे ती ज्यांना मिळाली त्यांच्या घरी कुणी त्यांना हातच लावला नाही. मी हे आजपर्यंत कौतुकानं सांगत होतो."

त्याच टेबलावर बसून त्यानं आपलं मत लिहून दिलं. पदक अस्सल, मूळ नाव अंशतः शाबूत, रिनेम्ड नाही. झिजण्याचं कारण काय लिहावं यावर तो अडला. म्हणाला, आमच्या कॅटलॉगमध्ये याला शब्दच नाही. मी म्हटलं, साधं लिही, पूजेत घासलं.

समितीच्या बैठकीत राजशेखर सरांनी सगळं शांतपणे ऐकलं, फोटो पाहिले, दोन अवघड प्रश्न विचारले. मग खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "दफेदारांचं नाव लागेल." ते परेड ग्राउंडवरच्या आवाजात म्हणाले, बाहेरच्या बाकापर्यंत पोचलं असणार. लगेच पुढे त्यांना उत्साहाचा झटका आला. आता खात्री झालीच आहे तर कडेवर पूर्ण नाव नव्यानं कोरून घेऊ, म्हणजे कुटुंबालाही बरं वाटेल.

"सर, तसं केलं तर ते आजपासून खरोखरच रिनेम्ड होईल," मी म्हणाले. नचिकेतनं इतक्या जोरात मान हलवली की सरांनी तो विषय तिथेच सोडला.

माझी मात्र एक काळजी उरली होती. पद्माक्कांना मी ओळखायला लागले होते. पदक काचेच्या आत जाईल, दार बंद होईल आणि आयुधपूजेला त्या डबा घेऊन येतील. त्यांना नाही म्हणायचं काम पुन्हा माझ्याकडे येईल, कारण मी मराठी. काच उघडून पदकावर कुंकू लावू देणं माझ्या धंद्यात बसत नाही. आणि ज्या पूजेनं ते नाव घासलं, तिनंच त्याची उरलेली अक्षरं सांभाळली होती. तिला दाराबाहेर उभं करायला माझा जीव होईना. मी सरांकडे एक मागणी केली. बाकी सगळ्या पदकांना ॲक्रिलिकची पाटी लावा. या एका पदकाला पितळेची द्या, जाड, अक्षरं खोल कोरलेली, आणि ती काचेच्या बाहेर लावा.

"एकालाच वेगळी का? सारखेपणा नको?"

"सर, ही पाटी घासण्यासाठी आहे."

त्यांनी हसून फाइलवर सही केली.

दालन आयुधपूजेच्या दिवशीच उघडलं. आवारात रायफलींना हार, जीपच्या चाकांखाली लिंबं, फोडलेल्या कोहळ्याच्या कुंकवानं लाल झालेल्या फोडी. पद्माक्का जरीच्या साडीत आल्या. हातात तोच स्टीलचा डबा. मी पुढे गेले, त्यांनी झाकण उघडून दाखवलं. आत कुंकवाचा करंडा, हळदीची पुडी आणि चिंचेचा एक गोळा.

"पद्माक्का, पदक आता घासायचं नाही," मी म्हणाले.

"माहीत हाय. आत हाय ते. मला काय दिसत नाही का?"

त्या काचेपाशी गेल्या. पदक छान दिसत होतं, मंद उजेडात, क्लॉजवळची उरलेली लाल अक्षरं दिसतील अशा बेतानं छोटा आरसा लावून मी ते बसवलं होतं. त्याखाली ओळ होती, कडेवरचं नाव कुटुंबानं दरवर्षीच्या पूजेत घासल्यामुळे झिजलं आहे. त्यांनी ती कन्नडमध्ये वाचली, मग इंग्रजीत वाचली. मग बाहेरच्या पितळी पाटीकडे पाहिलं. दफेदार एस. नरसोजीराव निंबाळकर. पुढचे पाहुणे थांबले होते, सर थांबले होते. पद्माक्कांनी चिंचेचा गोळा हातात घेतला आणि पाटी घासायला सुरुवात केली. आधी कडा, मग नाव. पदराच्या टोकानं पुसली, हळद लावली, कुंकू लावलं.

राजशेखर सरांनी टोपी नीट केली आणि त्या पाटीला सॅल्यूट केला. त्यांच्या मागे उभे असलेले सगळे पोलीस सावधान झाले. पद्माक्कांना ते दिसलं नाही, त्या करंड्याचं झाकण लावत होत्या. मी पाहिलं, आणि आयुष्यात मी केलेल्या सगळ्या कामांत हे काम मला सगळ्यात जास्त माझं वाटलं.

कुपीत ठेवलेलं जुनं कुंकू मी त्यांना परत दिलं. त्यांनी ते घरच्या तुळशीत घातलं. कापलेला तो एक कण मात्र माझ्याकडे आहे, पुरावा म्हणून, त्यांना सांगूनच ठेवलेला.

वर्कशॉपमध्ये शिकायला येणाऱ्या मुलींना मी आजही सांगते, धातूला चिंच लावायची नाही. पण त्यापुढे एक वाक्य जोडते. वस्तू झिजलेली दिसली की आधी विचारा, कुणी झिजवली आणि कशासाठी. ती पाटी दर आयुधपूजेला घासली जाते. पद्माक्का येतात. त्यांना जमलं नाही तर शस्त्रागारातली ड्यूटीवरची मंडळी घासतात, सरांनी तसं सांगून ठेवलंय. अक्षरं खोल आहेत, बरीच वर्षं टिकतील. झिजली की दुसरी करू. नमुना माझ्याकडे आहे.